चावी, कॉक, स्टँड

दुपारच्या सामसुमीत पितळेच्या वाटीत चावी पडली. ठण्ण.

फ्रॉकला काज करत बसलेल्या माधवीचा हात थांबला आणि कुकरची शेवटची शिटी ऐकल्यासारखं तिला बरं वाटलं. चला, आले. दाराजवळच्या कोनाड्यात ती वाटी तिनेच ठेवली होती. देवघरातली वाटी उचलली म्हणून आईसाहेब दोन दिवस घुश्शात होत्या, पण माधवीने माघार घेतली नाही. घरात शिरलं की चावी वाटीत. खिशात नाही, फ्रिजवर नाही, पिठाच्या डब्यात तर नाहीच नाही. एकदा तेही होऊन गेलं होतं. कणीक मळताना बुलेटची चावी हाताला लागली, तेव्हा ती आधी हसली होती आणि मग तशाच पिठाच्या हातांनी रडली होती.

"माधवी, बाहेर ये जरा! इंजिनमधला टॅपेट वाजायला लागलाय. डावीकडचा. पंपापासून ऐकतोय मी."

रणवीर अंगणात गाडीशी उकिडवा बसला होता. चेहरा कसा उजळलेला. इंजिनला कान लावला की त्याच्या डोळ्यांत येणारी ती निवांत चमक माधवीला लग्नाआधीपासून ठाऊक होती. धारला तिला बघायला आला, तेव्हा पोह्यांची बशी तशीच ठेवून तो तिच्या वडिलांची बंद पडलेली लूना सुरू करत बसला होता. निघताना मुलीचं नाव परत विचारलंन. वडील चिडले होते. तिला मात्र तो माणूस आवडला होता.

"किमया कुठंय?" तिने विचारलं.

रणवीरने वर पाहिलं. मग मागच्या सीटकडे पाहिलं. निघताना लेक जिथे बसली होती, ती सीट रिकामी होती.

आजवर तो काय काय विसरला होता, ते सगळं तिने पोटात घातलं होतं. पंपसेटच्या कंपनीत फिरतीची नोकरी होती, तेव्हा पीपलरावां गावाला निघालेला माणूस वाटेत कुणाशी तरी जुन्या राजदूत गाडीच्या गप्पा मारत खातेगांवला पोचला. नमुन्यांची पिशवी तिसऱ्याच ठिकाणी राहिली. ती नोकरी गेली, तिच्या आधीचीही अशीच गेली होती. "धांदरट आहे, लहानपणापासून," आईसाहेब म्हणायच्या. मागच्या वर्षी इंदूरच्या डॉक्टरांनी त्या धांदरटपणाला नाव दिलं. मोठ्या माणसांनाही हे असतं, म्हणाले. मन एका जागी ठरत नाही, आणि ठरलं तर असं ठरतं की बाकीचं जग पुसलं जातं. गोळ्या दिल्या, सवयी लावून घ्या म्हणाले. हाताने शिवून, तोंडाने म्हणून.

त्यातून ते तीन गोष्टींचं म्हणणं तयार झालं. गाडी सुरू करण्याआधी रणवीर एकेका गोष्टीला हात लावायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "चावी, कॉक, स्टँड." मागे बसलेली किमया त्याच्या सुरात सूर मिसळायची. कॉक म्हणजे पेट्रोलचा. रिझर्व्हवर आलेली गाडी टाकी भरल्यावर कॉक न फिरवता तशीच चालवली, की पुढच्या वेळी पेट्रोल संपतं तेव्हा राखीव काही उरतच नाही. मग चढावर ढकला धूड. त्याने ते कितीदा ढकललं होतं. दिवाळीपासून एकदाही नाही.

म्हणून तर मघाशी माधवी छाती पुढे काढून म्हणाली होती, "जाऊ द्या ना, आईसाहेब. पंपापर्यंतच जातायत."

"सूनबाई, पोर त्याच्यावर सोडू नका. माझ्या पोटचा आहे, म्हणून सांगत्ये."

"आता ते पूर्वीचे राहिले नाहीत."

आता ती अंगणात त्या रिकाम्या सीटकडे बघत उभी होती.

"बस," रणवीर म्हणाला. त्याच्या ओठांचा रंगच उडाला होता. वाटीतली चावी आणताना त्याने उंबऱ्याला ठेच खाल्ली. माधवी मागे बसली. आणि अशा वेळीही त्याचा हात चावीवर गेला, मग वाकून कॉकवर, मग स्टँडवर. ओठ हलत होते. तिला वाटलं, ओरडावं, पाठीत गुद्दे घालावेत. ती गप्प बसली. स्टँड खाली राहिला तर पहिल्याच वळणावर दोघं आडवे होतील, हे तिला माहीत होतं.

उज्जैन रस्त्याने गाडी पळाली. ट्रक जवळून गेला की ती मान वाकवून रस्त्याची कड बघायची. सहा वर्षांची पोर. रस्ता ओलांडून घरी यायला निघाली असेल तर?

किमया पंपावरच होती. हवा भरायच्या यंत्राशेजारी, बाबाने उभं केलं होतं तिथंच, दोन्ही पाय जुळवून. पेट्रोल भरताना मागच्याने उतरायचं, ही सगळ्यांचीच रीत. ती उतरली. टाकी भरली, रणवीरने गाडी पुढे घेतली, किक मारली आणि त्याला टॅपेटचा टकटकाट ऐकू आला. झालं. त्या आवाजामागे तो थेट घरी गेला.

"भिया, गाड़ी फुल और बच्ची गुल?" पंपावरचा माणूस हसत म्हणाला. मग माधवीचा चेहरा पाहून ओशाळला. "कब से बोल रहा हूँ, अंदर बैठ जा बेटा. मानती ही नहीं. बोलती है, पापा ने यहीं खड़ा किया है."

माधवीने तिला उचलून छातीशी धरलं. ऊन लागून पोरीचे गाल तापले होते. रणवीर दोन पावलं मागेच थांबला. जवळ यायचा आपल्याला हक्क आहे की नाही, याचा अंदाज घेत असल्यासारखा.

"मी हाक मारली होती," किमया म्हणाली. "पण गाडीचा आवाज मोठा होता." मग बाबाकडे बघून, मोठ्या कौतुकाने, "आई, बाबांनी आज सगळं बरोबर म्हटलं. कॉकपण नाही विसरले!"

रणवीर पाठ फिरवून हवेच्या यंत्राला धरून उभा राहिला.

घरी आल्यावर आईसाहेबांनी नातीची दृष्ट काढली. "आम्ही काही बोलत नाही हो," एवढंच म्हणाल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी रणवीर पायरीवर बसला होता. "धारचे हंबीरराव कधीपासून मागतायत गाडी. उद्या देऊन टाकतो."

"आणि मग?"

"मग काय? चालत जाईन."

"चालताना विसरणार नाही? बाजारात तिचा हात सोडून कुणाच्या गाडीपाशी थांबणार नाही?"

त्याने गाडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "डोक्यात सारखा हाट-बाजार भरलेला असतो गं. गाडीवर बसलो की तेवढा उठतो. पण आज त्या शांततेतच ती राहून गेली. मला तर भीतीच वाटतेय माझी."

माधवीला म्हणायचं होतं, मलाही वाटते. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. गाडी गेली तर या माणसाला शांत बसायची एकुलती एक जागा जाणार. गाडी राहिली तर उद्या परवा पोर मागे बसायला हट्ट करणार, आणि हो म्हणायचं की नाही, ते परत माधवीनेच ठरवायचं. आईसाहेबांसमोर, पुन्हा एकदा.

एवढ्यात किमया आतून धावत आली आणि उभ्या गाडीवर चढून मागच्या सीटवर बसली. "बाबा, मला सुचलं! आता तिनाचे चार करायचे. चावी, कॉक, स्टँड, किमया. शेवटी हात मागे करायचा आणि माझ्या गुडघ्याला लावायचा. करा ना!"

रणवीर उठला. पुढे बसला. चावी, कॉक, स्टँड. मग त्याचा हात मागे आला आणि तिच्या गुडघ्यावर थांबला. बराच वेळ थांबला. नंतर तो उतरून मागच्या अंगणात निघून गेला. नळाचं पाणी वाजायला लागलं. तोंड धूत असेल.

किमया तिथेच बसून राहिली. तिने स्वतःच सगळ्यांना हात लावून पाहिला. टाकीवरून पालथी होऊन कॉकपर्यंत बोट पोचवलं. स्वतःच्या गुडघ्यालाही हात लावला. मग तिच्या कपाळावर आठी आली. अगदी बापाची.

"आई, बाबा कॉक विसरले की गाडी रस्त्यात बंद पडते ना? मग त्यांना कळतं."

"हो."

"आणि मला विसरले, तर काय बंद पडतं?"