शेंदूर पुसलेलं मशीन

कटर तिसऱ्यांदा निसटला आणि थेट पत्र्याच्या कपाटात घुसला. वेणीमाधव शिपाई पुढे वर्षभर सांगत होता की तो खिडकीतून उडाला आणि गंगेपलीकडे रामनगरच्या वाळूत सापडला. पण पोचा कपाटालाच पडला होता. यज्ञेश्वरने मिलिंग मशीन बंद केलं आणि कटरचा होल्डर जिथं बसतो त्या फिरत्या स्पिंडलच्या निमुळत्या भोकात बोट फिरवलं.

"आत कुठंतरी उंचवटा आहे. होल्डर बसतच नाही, नुसता टेकतो."

"भाऊ, चार वाजता कमेटी येतेय. कंडम लिहितील, उद्या कबाडवाला उचलेल. कशाला हात काळे करता?"

"हात काळे करायलाच आलोय इथं."

खोटं नव्हतं ते. काशीतल्या पंचगंगा घाटावरच्या मराठी भिक्षुकाघरचा हा थोरला मुलगा अडुसष्ट साली पोथी ठेवून कॉलेजच्या वर्कशॉपात शिरला, तेव्हा वडील वर्षभर त्याच्याशी बोलले नव्हते. मशीन त्याच वर्षी आलं. आता शहाण्णव उजाडलं होतं आणि नव्या स्पिंडलची मागणी तीनदा नामंजूर होऊन आली होती.

होल्डरला वर ओढून धरणाऱ्या सळईचे आटे झिजले होते. त्याने मोडक्या हातपंपाची सळई कापली, तिच्यावर नवे आटे पाडले. उंचवटा शोधायला ठसा उमटवणारं निळं मलम हवं होतं. स्टोअरात नुसती डबी निघाली, मलम नाही. मग त्याने वेणीमाधवला आपल्या घरी, बायकोकडे पिटाळलं. तो पुडी घेऊन आला.

"प्रमोदिनीवहिनी म्हणाल्या, गणपतीच्या वाटचा शेंदूर आहे, सांडू नका."

"गणपतीला पुरून उरेल."

शेंदूर तेलात कालवून त्याने होल्डरला पातळ माखला, आत घालून फिरवला, बाहेर काढला. भोकात जिथं उंच, तिथं लाल ठसा. जुन्या कानशीला धार लावून केलेल्या स्क्रेपरने तो ठसा खरवडायचा, पुसायचं, पुन्हा माखायचं. एकविसाव्या खेपेला लाली सगळीकडे सारखी उमटली. स्पिंडलचं तोंड, हनुवटी, खालचं टेबल, सगळं केशरी झालं होतं. तो हात धुवायला नळावर गेला.

परतला तेव्हा मशीनवर जास्वंद होतं, दोन उदबत्त्या जळत होत्या. वेणीमाधवला राहवलं नव्हतं. आणि कमेटी अर्धा तास आधीच येऊन ठेपली होती: तिघंही अनवाणी, प्रमुख पांडेजींचे हात जोडलेले.

"पहले बताना था न, पंडितजी! इनको कंडम कौन लिखेगा? हम बाल-बच्चेवाले आदमी हैं. बिजली कटवा देते हैं, ये यहीं विराजें."

वेणीमाधवने मागून डोळे मोठे केले. गप्प राहा, म्हणत होते ते डोळे. गप्प राहिलं की मशीन निवृत्तीपर्यंत त्याच्यासमोर, कुणाची हात लावायची छाती नाही. आणि 'पंडितजी' ही हाक अठ्ठावीस वर्षांनी पहिल्यांदाच.

यज्ञेश्वरने जास्वंद उचलून वेणीमाधवच्या हातात दिलं. उदबत्त्या खिडकीत खोचल्या. मग रॉकेलचं फडकं घेऊन त्याने मशीनचं तोंड लहान पोराचं पुसावं तसं खसाखसा पुसलं.

"अहो भाऊ!"

"पहले कटाई देखिए, साहब. टूल छूटा, तो कंडम पर पहला दस्तखत मेरा."

पोलादाचा ठोकळा त्याने शिकंज्यात आवळला. एक मिलीमीटरचा कट पुरला असता. त्याने तीनचा घेतला. मशीन असं गरजलं की छपरावरची माकडं पार अस्सी घाटापर्यंत पळाली म्हणतात. तापलेला निळा चुरा उडाला आणि अनवाणी कमेटी टणाटणा उड्या मारत दाराशी गेली. होल्डर तसूभर हलला नाही.

पांडेजींनी चपला घातल्या, मग ठोकळ्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. कागदावरचं खोडून त्यांनी दुसरं काही लिहिलं.

"ये तो एकदम चालू है. इसको मेन वर्कशॉप भेजिए. वहाँ छह महीने से काम अटका है."

कमेटी गेली.

"घ्या!" वेणीमाधव म्हणाला. "तोंड मिटून बसला असतात, तर तुमच्यापाशीच होतं."

"बसूनच राहिलं असतं ना."

यज्ञेश्वर गुडघ्यांवर बसला आणि मशीनच्या पायाच्या गंजलेल्या बोल्टाला त्याने पाना लावला. बोल्ट हलेना. त्याने पान्यावर पाय रोवला.

"धर इकडून," तो म्हणाला. "कामावर जातंय. उशीर नको व्हायला."