गाडी तिच्याच हातून बंद पडायची

घरातली एखादी वस्तू बिघडली की आपण सगळे पहिला प्रश्न कोणता विचारतो? ‘कोणी हात लावला होता?’ वस्तूला काय झालंय हे नंतर. आधी माणूस हवा. तो सापडला की आपल्याला हायसं वाटतं आणि वस्तू बिघडलेली तशीच राहते. नागरिकहो, ही गोष्ट अशाच एका घरातली आहे, आणि ते घर तुमच्या-माझ्या घराहून फारसं वेगळं नाही.

घरात नवरा-बायको दोघंच. नवरा विमा कंपनीत अपघातांच्या दाव्यांची छाननी करायचा, म्हणजे चूक कोणाची हे ठरवण्याचाच पगार घ्यायचा. बायको घरी मुलांना गणित शिकवायची. तिच्या वडिलांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. त्यांना डायलिसिससाठी दर दोन दिवसांनी दवाखान्यात न्यावं लागे आणि ते काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं. गाडी चालवायला तिला मनापासून आवडायचं. ती चालवत असली की बाबा शेजारच्या सीटवर निवांत झोपायचे, तोंड उघडं टाकून.

गाडी नव्या पद्धतीची होती. चावी कुठेही खुपसायची नाही, नुसती जवळ असली की झालं. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं की इंजिन सुरू. आणि ते एके दिवशी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये सुरू झालं नाही. समोरच्या पडद्यावर लाल चावीचं चित्र आलं आणि ‘चावी सापडत नाही’ अशी सूचना. चावी तर समोर दिसत होती. तिने नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, सारखं सारखं बटण दाबू नकोस, आणखी बिघडेल, मी येतो. तो आला, तिच्याकडून चावी घेतली, बटण दाबलं, आणि गाडी गुपचूप सुरू झाली.

असं पुन्हा झालं. मग पुन्हा. नवऱ्याने चावीतला सेल बदलला, बॅटरी तपासून घेतली, गाडी सर्व्हिस सेंटरला दिली. तिथल्या लोकांनी गाडी चार दिवस ठेवून घेतली आणि तिच्यात काही दोष नाही असं सांगितलं. नवऱ्याच्या लेखी त्या दिवशी बायकोच्या दोषावर शिक्कामोर्तब झालं. माझ्याकडून एकदाही बंद पडत नाही, तुझ्याकडूनच पडते, तू ब्रेक नीट दाबत नसशील, असं तो म्हणू लागला. ओरडून नव्हे हं. समजुतीच्या सुरात, म्हणजे ज्याला उलटून बोलता येत नाही अशा सुरात.

शेवटच्या खेपेला ऊन फार होतं. नवऱ्याला यायला वेळ लागला, आणि डायलिसिस करून आलेल्या बाबांना बंद गाडीत भोवळ आली. त्यांना उचलून परत आत न्यावं लागलं. ते सावरले, पण त्या संध्याकाळी नवऱ्याने गाडीची चावी आपल्या खिशात ठेवली. आता बाबांसाठी भाड्याची गाडी सांगू, तू नको त्रास घेऊस, म्हणाला.

ती नाही म्हणाली नाही. बाबांसोबत बसून जाणंही तिने सोडलं. आपण बरोबर असलो की काहीतरी बिघडतं, असं तिला मनोमन वाटायला लागलं होतं. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. मुलांना गणित शिकवताना आपलाच आवाज तिला शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटे. बाबा भाड्याच्या गाडीतून एकटे जायचे आणि फोनवर सांगायचे, छान गेलो, छान आलो. वाटेत आपण दाराची मूठ धरून टक्क जागे असतो, हे ते सांगायचे नाहीत.

अशात नवऱ्याची मोठी बहीण चार दिवस राहायला आली. ती एका मोठ्या रुग्णालयात वॉर्डाची मुख्य परिचारिका होती आणि सुट्टीतही वॉर्डात असल्यासारखी सगळीकडे बघायची. सकाळी तिने पाहिलं, की भावजय मिक्सरपाशी उभी आहे आणि बाहेरच्या खोलीतल्या नवऱ्याला विचारते आहे, “लावू का?” वर्षानुवर्षं वापरलेला मिक्सर! नणंदेने हातातला चहा खाली ठेवला आणि हा काय प्रकार आहे असं विचारलं. भावानेच सगळी हकीकत सांगितली, छाननीच्या अहवालासारखी मुद्देसूद.

“सर्व्हिस सेंटरने तपासलीय, ताई. मी चालवतो तेव्हा काही होत नाही. मग राहिलं कोण?” त्याने शेवटी विचारलं.

“तू ‘कोण’पाशी थांबलास,” ती म्हणाली. “वॉर्डात यंत्र बंद पडलं, तर कोणी केलं हे मी विचारूच देत नाही. तसं विचारलं की पोरी घाबरून गप्प बसतात, यंत्र का बंद पडलं ते कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या पेशंटवर बंद पडतं. काय काय केलं ते क्रमाने दाखव, एवढंच म्हणायचं. तू हिला कधी म्हणालास, दाखव म्हणून?”

तो म्हणाला नव्हता. त्याने नेहमी चावी मागून घेतली होती.

तिघं खाली पार्किंगमध्ये आली. नवऱ्याने खिशातली चावी बायकोला दिली. नणंद भावजयीला म्हणाली, दवाखान्यातून निघताना बसायचीस अगदी तशी बस, काही सुधारू नकोस. ती बसली. तिच्या कपड्यांना खिसा नव्हता, बायकांच्या कपड्यांना तो का नसतो हे शिवणाऱ्यांनाच ठाऊक. म्हणून तिने चावी गिअरजवळच्या खळग्यात ठेवली. दवाखान्यात तासन्‌तास बसून फोन उतरलेला असायचा, तो तिने चावीला खेटून वायरलेस चार्जरवर ठेवला. ब्रेक दाबला. बटण दाबलं. लाल चावी उमटली.

“बघितलंस?” नवरा म्हणाला.

“बघितलं. आता तू बस. कशालाही हात न लावता.”

तो बसला. ब्रेक दाबला, चांगला जोर लावून. बटण दाबलं. लाल चावी! त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच! नणंदेने वाकून फोन उचलला आणि आता दाब म्हणाली. गाडी सुरू झाली.

मग त्याच्या सगळं ध्यानात आलं. चावी गाडीशी अगदी हलक्या आवाजात बोलते, आणि शेजारी चार्जर फोन भरू लागला की त्या गोंगाटात ते बोलणं गाडीला ऐकू जात नाही. तो चावी कायम पँटच्या खिशात ठेवायचा, म्हणून त्याला कधी अडचण आली नाही. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने तिथे फोन ठेवून पाहिला नव्हता. आणि नवऱ्याला मदतीला बोलावण्यासाठी ती चार्जरवरचा फोन उचलायची! त्यानंतर एकदा जरी तिने बटण दाबलं असतं, तरी गाडी सुरू झाली असती. पण दाबू नकोस असं त्याने बजावलं होतं, आणि तिने ऐकलं होतं. चार्जर त्यानेच आणला होता. गाडी बंद असतानाही चालावा म्हणून मुद्दाम तशी जोडणी करून घेतली होती.

गाडी बंद करून, चावी घेऊन तो खाली उतरला आणि बायकोसमोर उभा राहिला. “माझं चुकलं,” म्हणाला. “गाडीत दोष शोधायला मी सगळ्यांना लावलं, आणि तुला साधं विचारलंही नाही.”

हे ऐकून तिचं मन भरून आलं असेल, असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. इतके दिवस बधिर पडलेलं मन एका वाक्याने जागं होत नसतं. तिने फक्त हात पुढे केला, चावी घेतली आणि आज बाबांची वारी दुपारची आहे, ती भाड्याची गाडी नको म्हणून कळव, असं सांगितलं.

“मी येऊ?” त्याने विचारलं.

“ये. पण मागे बस. पुढे बाबा बसतात.”

नागरिकहो, चार्जर त्या दिवशीच काढला गेला, ते सोपं होतं. आपल्या तोंडात बसलेला तो पहिला प्रश्न काढणं अवघड आहे. घरात, कचेरीत, शाळेत काहीही बिघडलं तरी आधी काय झालं ते विचारा, ज्याच्या हातून झालं त्यालाच दाखवायला सांगा, आणि तो दाखवेपर्यंत त्याला दोषी धरू नका. यंत्र दुरुस्त होतं. आपल्या हातांवरचा विश्वास गमावलेलं माणूस लवकर दुरुस्त होत नाही.

दुपारी बाबा त्यांच्या घरातून खाली आले. लेकीला स्टिअरिंगपाशी बघून त्यांनी पट्टा लावला आणि मान मागे टेकली. पहिला सिग्नल यायच्या आत त्यांचं तोंड उघडं पडलं. सिग्नलला थांबल्यावर तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी तिला रडू आलं. मागे नवरा बसला होता. दिवा हिरवा झाला तेव्हा तिने डोळे पुसले आणि बाबांना जाग येणार नाही अशा बेताने गाडी पुढे घेतली.