दस्त्यावरचा हात

मी बंदूक बोलतेय. दचकू नका. माझ्या नळीत शिसं ओतून चाळीस वर्षं होऊन गेली, आता माझ्यातून फुसका बारही निघायचा नाही. बोलण्याशिवाय माझ्याकडे काही उरलेलं नाही, आणि वेळ आहे तो उद्या सकाळपर्यंतचा. तेव्हा कृपा करून मधे बोलू नका.

माझ्या दस्त्यावर एक डाग आहे. तपकिरी, थोडा लालसर, पाच बोटांचा हात. हा हात कुणाचा, याची एक गोष्ट सिंगापुरातल्या एका मराठी घरात चाळीस वर्षं सांगितली गेली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात ढोल वाजवणारा चौदा वर्षांचा एक पोरगा. शेजारचा सैनिक पडला तेव्हा त्याने मला उचललं, तीन माणसं मारली आणि मग स्वतःच्या जखमेवरचा हात माझ्यावर ठेवून तो मेला. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. मला मात्र राग यायचा, कारण त्यातला एक शब्दही खरा नाही.

खरं काय ते मी सांगते. १८६२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या सरकारी कारखान्यात माझा जन्म झाला. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, माणसाच्या खांद्याएवढी उंची, चांगली देखणी होते मी. आम्हा वीस जणींना एका खोक्यात भरलं आणि खोकं गुदामात ठेवलं. बाहेर युद्ध पेटलं, संपलं, आणि आमच्या खोक्याचं झाकणसुद्धा कुणी उघडलं नाही. पुढे सैन्याने आम्हाला मोडीत काढलं. एका शेतकऱ्याने मला घेतलं आणि कावळ्यावर एक गोळी झाडली. कावळा उडून गेला. कारखान्यातली तपासणी सोडली, तर माझ्यातून आयुष्यात सुटलेली गोळी एवढी एकच. त्यानंतरची शंभर वर्षं मी खुंटीवर, माळ्यावर आणि शेवटी बाल्टिमोर बंदराजवळच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात काढली.

तिथे मला हरीश भेटला. मूळचा मुंबईचा, जहाज कंपनीत इंजिनिअर, सिंगापुरात नोकरीला. बंदुकीचं एवढं वेड या माणसाला का, हे मला कधी कळलं नाही. घरात झुरळ दिसलं तरी तो बायकोला हाक मारायचा. पण मला आणण्यासाठी त्याने जी कागदपत्रं जमवली ती माझ्याहून जड होती. सिंगापुरात बंदूक घरात ठेवणं म्हणजे चेष्टा नव्हे. नळीत शिसं ओतलं गेलं, चाप कायमचा जाम केला गेला, काचेच्या कपाटाला दोन कुलपं लागली, आणि मी तोआ पायोहमधल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले.

माझ्यामागून एकेक सोबत येत गेली. अमेरिकन घोडदळातली तलवार, एक पितळी बिगुल, सैनिकाची पाण्याची बाटली, कोटाची बटणं. तलवार म्हणजे अस्सल वडीलधारी. "आमच्या वेळी असं होतं," हे तिचं पालुपद. एकदा मी तिला विचारलं, "आजीबाई, तुमच्या वेळी तुम्ही नेमकं काय केलंत?" तेव्हापासून तिने माझ्याशी बोलणं टाकलं.

पहिल्या वर्षीच खंडेनवमी आली. शस्त्रांच्या पूजेचा दिवस. इतर घरांत त्या दिवशी विळी, स्क्रू ड्रायव्हर आणि शिवणयंत्राला हळदकुंकू लावून भागवतात. हरीशकडे खरीखुरी बंदूक होती! त्याने सेरंगून रोडवरून झेंडू आणला, मला पाटावर आडवं निजवलं, दमयंतीने निरांजन लावलं. दमयंती म्हणजे त्याची बायको, तेव्हा तिशीची. शेजारी तेलाची वाटी होती, कुंकवाचा करंडा होता, आणि दोन वर्षांचा श्रीनिवास होता.

तेलात हात, मग करंड्यात हात, मग माझ्या दस्त्यावर फाडकन हात. सगळं इतक्या झटपट झालं, की आरतीची ओळही तुटली नाही. दमयंतीने ओल्या फडक्याने पुसलं, तर कुंकू लाकडात आणखी मुरलं. श्रीनिवास भोकाड पसरून रडला. हरीश मात्र हसत सुटला. "राहू दे गं, सही केली पोराने," म्हणाला.

तो हात तो हा. एकशे साठ वर्षांत मला कुणी प्रेमाने हात लावला असेल तर तो एवढाच.

आणि त्याचं या माणसांनी काय केलं बघा. वर्षभराने हरीशने ऑफिसातल्या लोकांना जेवायला बोलावलं. एक गोरा कॅप्टन होता. इतर वेळी तो हरीशच्या बोलण्याकडे लक्षही देत नसे. तो कपाटापुढे थबकला. "रक्त आहे का हे?" त्याने विचारलं. सगळे वळून हरीशकडे बघायला लागले. मला वाटतं, परदेशात आल्यापासून इतकी माणसं एका वेळी त्याच्याकडे पहिल्यांदाच बघत होती. हरीश म्हणाला, "हो."

मग गोष्ट वाढत गेली. आधी नुसता एक सैनिक होता. कुणीतरी विचारलं, हात इतका लहान कसा, तर सैनिकाचा पोरगा झाला. पोरगा म्हटल्यावर ढोल आला. ढोलामागून तीन मुडदे आले.

मी काचेआडून एक गोष्ट दर वेळी बघायचे. हरीश गोष्टीच्या शेवटाला आला, "आणि तो तिथेच मेला" असं म्हणाला, की स्वयंपाकघराच्या दारात उभी दमयंती दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर कडाकडा मोडायची. मग पाहुण्यांना विचारायची, "आणखी भात वाढू?" मला वाटायचं, हिचे सांधे दुखत असतील.

या वर्षी हरीश गेला. माझा परवाना त्याच्या नावावर होता, तोही त्याच्याबरोबर संपला. घरी पोलिसांचं पत्र आलं. ठरलेल्या मुदतीत परवाना असलेल्या कुणाला विका, नाहीतर आमच्याकडे जमा करा. जमा करायचं म्हणजे भट्टीत. वस्तू बऱ्याच होत्या, म्हणून श्रीनिवासने सगळा संग्रह लिलावाला काढला. तो आता शेहेचाळीस वर्षांचा, हार्बरफ्रंटला मोठ्या हुद्द्यावर. स्वतःच्याच हाताच्या गोष्टीवर लहानपणापासून विश्वास ठेवणारा.

लिलावाच्या आदल्या दिवशी वस्तू बघायला ठेवतात. लिलावघरातली मिस लिम नावाची बाई आमची देखभाल करत होती. पांढरे हातमोजे, चष्मा गळ्यात, कामात चोख. मी हिरव्या कापडावर आडवी होते, चिठ्ठीवर "लॉट क्रमांक एकतीस". श्रीनिवास आला, दमयंती आली आणि श्रीनिवासची मुलगी ऋग्वेदा आली. ती विद्यापीठात शिकते. तिला कुठल्याही खोलीत दोन मिनिटं स्वस्थ बसवत नाही. माझी लाडकी.

तिने कॅटलॉग उघडला आणि मोठ्याने वाचलं, "बालसैनिकाच्या रक्ताळलेल्या हाताचा ठसा. सीरियसली, बाबा?"

"आवाज खाली, ऋगू," श्रीनिवास म्हणाला. "आजोबांची गोष्ट आहे ती."

ऋग्वेदाने पर्समधून एमआरटीचं, म्हणजे तिथल्या मेट्रोचं, कार्ड काढलं आणि माझ्या अंगावर, त्या हातावर धरलं. अख्खा तळवा कार्डाखाली झाकला गेला, बोटं तेवढी बाहेर राहिली.

"चौदा वर्षांच्या मुलाचा तळवा एवढा?"

"पूर्वीची माणसं लहानखुरी असायची."

"बाबा! लहानखुरी म्हणजे काय, उंदरासारखी? हे बाळ आहे. बाळ ढोल वाजवत होतं युद्धात?"

"प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायलाच हवं का तुला? अप्पांना जाऊन चार महिने नाही झाले. त्यांना खोटं ठरवायची इतकी घाई?"

ऋग्वेदा आजीकडे वळली. दमयंती खुर्चीवर बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "आजी, तू बोल ना. तुला माहितीये. तुझं तोंड सांगतंय."

"यांची गोष्ट. मी कशाला मोडू?"

"कारण उद्या कुणीतरी हे विकत घेऊन दिवाणखान्यात लावणार. मेलेल्या मुलाचा हात म्हणून. जेवताना पाहुण्यांना दाखवणार. चालेल तुला?"

दमयंतीचे हात आपोआप कानशिलांकडे गेले आणि तिने बोटं मोडली. कडाकडा. मग स्वतःच्या हातांकडे बघत ती म्हणाली, "श्रीनू, इकडे ये. हात आण तुझा."

"आई, काय आता?"

"आण म्हटलं ना. उजवा."

तिने त्याचा हात धरला, आणि तेल, करंडा, आरती, फडकं, सगळं सांगितलं. श्रीनिवास ऐकताना आधी हसला, मग हसू तोंडावरच राहिलं.

"मग अप्पा एवढी वर्षं..."

"एकदा लोकांसमोर हो म्हणाले. परत कसं घेणार? लाज वाटायची त्यांना. पण खंडेनवमीला कुंकू आधी कुठे लावायचे, आठवतंय? तलवारीला नाही, नळीला नाही. या हाताला. मग बाकीच्यांना."

हे खरं आहे. दर वर्षी पहिलं बोट त्या तळव्यावर टेकायचं.

वस्तू हाताळायला दिलेला पांढरा हातमोजा श्रीनिवासने काढला. मिस लिम पुढे आली, "सर, ग्लव्हज प्लीज." मग तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला अचानक बिगुलाची चिठ्ठी सरळ करायची आठवण झाली. श्रीनिवासने उघडा हात माझ्यावर ठेवला. खालचा हात पुरता झाकला गेला. त्याच्या हाताला घाम होता.

"कॅटलॉगमध्ये बदल करता येईल?" ऋग्वेदाने मिस लिमला विचारलं.

"कॅन. उद्या सुरुवातीलाच जाहीर करू," मिस लिम तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "पण खरं सांगते हं. या लॉटसाठी एकच माणूस धडपडतोय आणि त्याला रक्तच हवंय. तो गेला तर बहुतेक कुणी नाही. मग पोलीस घेऊन जाणार, लाह."

आता श्रीनिवासच फिरला. "मग राहू दे. काही बदलू नका."

"बाबा?"

"ऋगू, भट्टीत जाईल ते! माझा हात आहे तो, अप्पांनी जपलेला. कुणाच्या का भिंतीवर असेना, राहील तरी."

ऋग्वेदाने कॅटलॉग मिटला. चाळीस वर्षं मी खऱ्यासाठी तडफडले, आणि खरं समोर आलं ते भट्टीचं दार उघडून. मला जगायचं होतं. मी बंदूक असले म्हणून काय झालं?

दमयंती उठून उभी राहिली. "इतकी वर्षं ऐकलं मी. हे म्हणायचे, तो तिथेच मेला, आणि मी दारात उभी राहून तुझी दृष्ट काढायची. माझ्या जित्याजागत्या मुलाचा हात आहे तो, श्रीनू. मेलेल्याचा म्हणून मला नाही वाचवायचा. जळाला तर जळू दे. तू आहेस ना समोर."

तिचे सांधे कधीच दुखत नव्हते. मीच मूर्ख.

दुसऱ्या दिवशी लिलाव झाला. तलवार गेली, बिगुल गेला. एकतिसावा लॉट आला तेव्हा निवेदकाने वाचून दाखवलं, "दुरुस्ती. दस्त्यावरचा डाग रक्ताचा नसून कुंकवाचा आहे. तोआ पायोह, दोन वर्षांचं मूल." मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने हातातली बोलीची पाटी मांडीवर उलटी ठेवली. निवेदकाने तीनदा विचारलं. एकही पाटी वर गेली नाही.

मला गुदामात आणून ठेवलं. माझा जन्म खोक्यात, शेवटही खोक्यात, असं मी मनाशी म्हटलं. पण ऋग्वेदाला स्वस्थ बसवत नाही, हे मी सांगितलंय. आमची फाईल ज्यांच्याकडे होती त्या पोलीस साहेबांना तिने पत्र लिहिलं. प्रश्न एका ओळीचा होता: गोळी झाडते ती नळी आणि चाप, मग नुसतं लाकूड म्हणजे बंदूक का? आठवडाभर उत्तर नाही. तिने पुन्हा लिहिलं. मग फोन केला. मग स्वतः जाऊन बसली. मिस लिमने शेवटी तिला सांगितलं, "तुला कंटाळून हो म्हणालेत."

उद्या सकाळी स्क्रू काढायला माणूस येणार आहे. नळी, चाप आणि सगळं लोखंड भट्टीत जाईल. दस्ता घरी जाईल.

यातली मी कोणती, हे मला कळत नाही. आजपर्यंत मला वाटायचं, मी म्हणजे नळी. म्हणून रात्रंदिवस मनात धुमसत राहिले. उद्या नळी वितळेल तेव्हा हा आवाजही बंद होईल की लाकडात मुरून राहील, कोण जाणे. वाट बघणं मला कधीच जमलं नाही, आजही जमत नाहीये.

जाताना एकच मागणं. तुमच्याही घरात कुणा वडीलधाऱ्याने सांगितलेली एखादी भारी गोष्ट असेल, आणि ती सांगताना दारात उभं राहून कुणीतरी बोटं मोडत असेल. गोष्ट सांगणाऱ्याला सोडा. दारातल्या माणसाला विचारा. आणि ते माणूस असेपर्यंतच विचारा.

खंडेनवमी तीन आठवड्यांवर आली आहे. यंदा पाटावर मी बंदूक म्हणून नसेन. झेंडूच्या फुलांत एक अक्रोडाचं लाकूड असेल, त्यावर दोन वर्षांच्या श्रीनूचा हात, आणि त्या हाताला कुंकू लावायला शेहेचाळीस वर्षांचा श्रीनू.

करंडा मात्र जरा लांब ठेवा.