साक्षीला आलेला शिपाई

आठ वर्षं मी नाटकात मालकाला बनवणारी मोलकरीण करतेय. अख्खं ग्रनोबल शहर टाळ्या वाजवतं, पण चर्चमध्ये माझं लग्न लावायला कुणी तयार नव्हतं. कारण काय, तर मी नाटकवाली. त्यात मला पाचवा महिना. लग्नाआधी मूल झालं असतं तर चर्चच्या वहीत त्याच्या नावापुढे अनौरस लिहिलं असतं. ते मी होऊ देणार नव्हते.

"नाटक सोडल्याचं दोघांनी लिहून द्या, मग लावतो," फादर ओद्रां म्हणाले.

माझा गॅस्पार आमच्याच कंपनीत म्हातारा मालक करतो. स्टेजवर भारी खडूस, घरी गरीब गाय. "देऊ की लिहून," तो म्हणाला. "भाऊ मेणबत्त्या बनवतो, त्याच्या हाताखाली लागेन."

"आणि मी काय, वाती वळत बसू? तू गप सही कर. पुढचं मी बघते."

सही करून मी तडक गव्हर्नरांच्या बायकोकडे गेले. बाई आमचा एकही खेळ चुकवत नाहीत.

"बाईसाहेब, रविवारी मोलकरीण नाही हं. नाटक सोडलं म्हणून लिहून दिलंय मी. आता गव्हर्नरसाहेबांनीच खेळाला उभं राहायचा हुकूम काढला तर माझा इलाज नाही. फक्त तो शनिवारी दुपारी यावा, सकाळी माझं लग्न आहे."

बाई हसून हसून खुर्चीत कलंडल्या.

शनिवारी आम्ही चर्चच्या दारात पोचतो, तर शिपाई हुकूम घेऊन सकाळीच हजर. गधड्याला दुपारी बहिणीकडे जेवायला जायचं होतं. लग्नाआधीच त्याने तो वाचला असता तर फादरनी आम्हाला दारातूनच परत पाठवलं असतं. पण आता मागे फिरणं नव्हतं.

"दादा, आमचा एक साक्षीदार कमी पडतोय," मी शिपायाला म्हणाले. "आधी आत चला. कागद कुठे पळून जातोय?"

त्याने हुकूम टोपीत खुपसला आणि टोपी काखेत धरून उभा राहिला. लग्न लागलं. त्याने झोकात सही केली आणि तिथेच हुकूम वाचला: दोघांनी उद्याच्या खेळाला हजर व्हावं.

फादरचा चेहरा उतरला. "पेरीन, तू मला बनवलंस."

"हो, फादर. पण लग्न खरं लागलं ना?"

त्यांनी वही पुढे ओढली. मला वाटलं, आता पान फाडतात.

"लागलं," ते म्हणाले. "आता ते मलाही मोडता यायचं नाही."

तिथेच पायरीवर बसून मी हमसून हमसून रडले. आठ वर्षांत स्टेजवर कधी अशी रडले नव्हते.

"पुरे," फादर म्हणाले. "बाळाला बाप्तिस्म्याला वेळेवर घेऊन ये. त्या दिवशी मी तुझ्याकडून काहीही लिहून घेणार नाही."