हात मांडीवर

"अहो, शटर वर केलंय मी. आता दारातून मागं फिरू नका," मामी हळूच म्हणाल्या.

मास्तर काठी टेकून उंबऱ्याबाहेरच थबकले. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते आपल्याच शिलाईच्या दुकानात आले नव्हते. उजवा हात लुळा पडला होता, शब्द जिभेवर येऊन अडत होते. अख्ख्या गल्लीला ऐटीत राहायला शिकवणाऱ्या माणसाला कुणाची कीव सोसवत नव्हती. "एकदाच चला. नाही रुचलं तर पुन्हा नाव काढणार नाही," असं मामींनी कबूल केलं होतं, आणि मामी दिला शब्द मोडत नसत. म्हणजे आजचं फिसकटलं, की मास्तर पुन्हा खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.

व्यायामाच्या दवाखान्यात बाकावर ओळख झालेली माणसं मामींनी बोलावली होती. सगळी झटक्यातून उठलेली, आणि त्यांना सांभाळणारी. बसचे ड्रायव्हर बायकोबरोबर आले आणि दाराशी बसले. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई सुनेचा हात धरून आल्या. मास्तरही आत येऊन कोपऱ्यात टेकले. मामींनी चहा दिला.

"कसं वाटतंय, ड्रायव्हरभाऊ?"

"बरं आहे त्यांचं. झोप तेवढी लागत नाही," त्यांची बायको म्हणाली.

"आणि बाई, तुम्हाला?"

"आईंना ना, माणसं नकोशी होतात," सुनेनं सांगितलं आणि बाईंची हनुवटी पुसली.

"यांना तर शिवणाची इतकी आठवण येते..." मामीही बोलून गेल्या.

मास्तरांनी काठीकडे हात नेला.

"थां...बा," बाई म्हणाल्या. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं जात होतं, पण आवाजात जरब होती. "झटका... आम्हाला. आणि बोलताय... तुम्ही?"

ड्रायव्हर फस्सकन हसले.

"सांभाळणाऱ्यांनी... हात मांडीवर. तोंड... बंद."

"अगं बाई! वर्गच भरवलात की आई," सून ओशाळून म्हणाली, पण तिनंही हात मांडीवर ठेवले.

मग ड्रायव्हर बोलले. तुटक, थांबत थांबत. "स्वप्नात... बस चालवतो. दोन्ही... हातांनी. म्हणून... झोपायची... भीती. जाग... येते ना." बायकोला हे ठाऊक नव्हतं. तिचा हात डोळ्यांकडे गेला.

"हात!" बाई कडाडल्या. मग नरमल्या. "बरं... डोळ्यांना... सूट."

मास्तरांची पाळी आली. ओठ हलले, शब्द निघेना. त्यांनी डावा हात दाराच्या दिशेनं केला. घरी जायचंय, मामींनी ओळखलं. आता उठून त्यांच्या चपला सरळ कराव्यात, सगळ्यांना 'दमलेत हो' म्हणून सांगावं... त्यांनी बोटं गच्च गुंतवली आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेत बसून राहिल्या.

मास्तर उठले. दाराशी गेले आणि ड्रायव्हरच्या खांद्यावरचा शर्ट चिमटीत धरला.

"सै...ल," ते म्हणाले. "वाळलास. पुढच्या... वेळी... खुणा... करतो."

"मापं... बिनचूक... घ्या पण," ड्रायव्हर म्हणाले. "डावा हात... शिकाऊ आहे... तुमचा."

मास्तर हसले. अर्धंच हसू, पण मामींनी ते किती दिवसांनी पाहिलं.

पुढच्या आठवड्यात दुकानात जायला मास्तर मामींच्या आधी तयार होत होते. खाटेच्या कडेला बसून डाव्या हातानं शर्टाची बटणं लावत होते. फार वेळ लागला. सगळी लावून झाली, तेव्हा मामींना दिसलं, एक काज चुकलं होतं. एक टोक वर, एक खाली. आणि हा माणूस गल्लीतल्या पोरासोरांनासुद्धा हटकून बटणं सरळ लावायला लावायचा.

मामींचे हात आपसूक उचलले गेले.

त्यांनी ते परत मांडीवर ठेवले.

"निघा...यचं?" मास्तरांनी विचारलं.

"चला," मामी म्हणाल्या, आणि मास्तर, तसाच तिरका शर्ट घालून, मान ताठ करून, पुढं निघाले.