काउंटरच्या बाहेर बसलेली उपासना

मी एक जुना फ्रीज आहे, मित्रांनो. पण तुमच्या घरातल्यासारखा नाही. माझ्या पोटात दूध, भाजी किंवा कालची आमटी ठेवायची नसते. कर्नाटकातल्या निपाणीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत 'बोधी मेडिकल' नावाचं दुकान आहे. त्या दुकानातला काचेच्या दाराचा, औषधांचा फ्रीज म्हणजे मी.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवून मला अंग दिलं, नळ्या जोडून श्वास दिला आणि काचेचं दार बसवून मला जग दाखवलं. टेम्पोतून उतरलो तेव्हा दुकानाचे मालक प्रेमानंद दारातच उभे होते. त्यांच्या आई तानुबाई जन्मभर तंबाखूच्या वखारीत राबलेल्या. मला सुरू केल्यावर थोड्या वेळाने त्यांनी माझ्या काचेवर तळहात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"लई गार हाय रं ह्यो! औषधास्नी थंडी वाजंल की!"

प्रेमानंद हसले. "फार गार न्हाय करायचं, आई. औषध गारठलं बी न्हाय पायजे आणि तापलं बी न्हाय पायजे. त्येवढंच ह्येचं काम."

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य एवढ्या बोलण्यात आलं. इन्सुलिन, लशी, डोळ्यांत घालायचे काही थेंब मी सांभाळतो. बर्फ होऊ द्यायचा नाही आणि ऊबही लागू द्यायची नाही. माझ्या वरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. आम्हा दोघांच्या मधल्या जागेत प्रेमानंदांच्या मुलीचं, उपासनाचं वेळापत्रक चिकटवलेलं असे. शाळा सुटली की ती दुकानात येई आणि माझ्या काचेवर वाफ धरून बोटाने औषधांची नावं लिही. त्या काळात माझं फार कौतुक होई. गावात नवीन डॉक्टर आले की प्रेमानंद त्यांना आधी मला दाखवत.

उपासना मोठी झाली. तिला शिष्यवृत्ती मिळाली आणि ती फार्मसीची पदवी घ्यायला स्कॉटलंडला गेली. त्या दिवशी दुकानात पेढे वाटले. जो येईल त्याला प्रेमानंद सांगत, "माझी पोरगी तिकडंच ऱ्हाणार आता. मोठ्या दवाखान्यात काम करणार." सांगताना त्यांचा आवाज उंच होई आणि मग ते उगाच गल्ला मोजायला लागत.

ती गेली आणि माझे दिवस पालटले. प्रेमानंद एकटे पडले. गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता त्यांचं माझ्याकडे लक्ष राहीना. शेजारच्या दुकानदारांनी पाण्याच्या बाटल्या माझ्यात आणून ठेवल्या. मग कुणाचा डबा आला, कुणाचा गजरा आला. एकदा तर वाढदिवसाचा केक इन्सुलिनला खेटून दोन दिवस बसला होता. दार सारखं उघडझाप होई. दाराचं रबर फाटलं. पोटातला थर्मामीटर बंद पडला. मी घरघर करत कसाबसा दिवस काढत होतो. म्हातारपण आलं, असं मला वाटू लागलं.

मग गेल्या वर्षी, शिमगा होऊन गेल्यावर, उपासना परत आली. सुट्टीला नव्हे. कायमची.

तानुबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि त्या म्हणाल्या, "आलीस न्हवं? मग झालं." प्रेमानंदांनी मात्र त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे दोनदा दिले.

उपासनाने आल्या आल्या माझं दार उघडलं. बाटल्या, डबे, गजरे सगळं बाहेर काढलं. मला आतून पुसलं, दाराला नवं रबर बसवून घेतलं, नवा थर्मामीटर लावला. शेजारचे रुसले. मला मात्र कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला.

त्याच दुपारी गिऱ्हाईक नसताना प्रेमानंदांनी विचारलं, "तिकडं नोकरी हुती, मान हुता. कशाला आलीस? माझ्यासाठी आली असशील तर परत जा. मी धड हाय अजून."

"तुमच्यासाठी न्हाय आले, आप्पा," उपासना म्हणाली. "तिकडं मला सगळं जमायचं. पण एखादं माणूस काउंटरवर येऊन 'काही नाही, बरा आहे' म्हणालं, की ते खरंच बरं हाय का, ते मला उमगायचं न्हाय. इथं उमगतंय. मराठीत बोलू दे, न्हायतर कन्नडमध्ये बोलू दे."

"एवढ्यासाठी?"

"एवढंच तर काम हाय की आपलं."

प्रेमानंदांना ते पटलं नाही. त्यात आणखी एक अडचण होती. परदेशातली पदवी असली तरी इथे लगेच औषधं देता येत नाहीत. कागद तपासायला दिल्लीला जातात, मग बेंगळुरूला नाव नोंदवावं लागतं. तोवर हक्क नाही. प्रेमानंद वैतागून म्हणाले, "आगं, नुसती पाकिटं दे की हातात. कोण बघतंय?"

"मी बघतीय की, आप्पा."

आणि ती काउंटरच्या आत गेलीच नाही. बाहेर, माझ्या शेजारी, गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं होतं. तिथे ती बसू लागली. औषध प्रेमानंद देत. ती फक्त माणसांशी बोले. गोळी कधी घेता, जेवणाआधी की नंतर, चक्कर येते का. काही लोकांना ते आवडे. काही मात्र गल्लीत जाऊन म्हणत, "एवढं शिकून पोरगी बाकड्यावर बसलीया. तिकडं जमलं नसंल." ते शब्द दुकानात ऐकू येत. प्रेमानंद मान खाली घालून कात्रीने गोळ्यांची पट्टी कापत राहत. महिने जात होते आणि दिल्लीहून काही उत्तर येत नव्हतं. एकदा दुकानात कुणी नसताना उपासनाने माझ्या काचेला डोकं टेकलं आणि बराच वेळ तशीच बसली. मला वाटलं, आता ही परत जाणार.

मग जवळच्या यमगर्णी गावची दीपाली आली. तिच्या मुलीला, तेजस्वीला, लहानपणापासून साखरेचा आजार. रोज इन्सुलिन टोचावं लागे. तेजस्वी चौथीत होती. एरवी दुकानात आली की माझ्या काचेत बघून वेण्या नीट करणारी मुलगी त्या दिवशी बाकड्यावर येऊन नुसती आडवी झाली.

"आण्णा, इन्सुलिन द्या," दीपाली म्हणाली. "शुगर खालीच येईना बघा. डॉक्टरांनी डोस वाढवलाय, तरी येईना. पोरगी नुसतं पाणी पितीया. सकाळधरनं दोनदा वकली."

प्रेमानंदांनी माझं दार उघडून बाटली काढली. उपासनाने तेजस्वीच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "वैनी, घरी इन्सुलिन कुठं ठेवता?"

"फ्रीजमदीच की, ताई. गेल्या आठवड्यात नवा घेतला न्हवं. लई जपते मी. खालचं दार सारखं उघडतंय म्हणून वर ठेवते, बर्फाच्या खान्यात."

उपासनाचा हात थांबला. "त्याच्या आधी कुठं ठेवत होता?"

"मडक्यात. वल्या वाळूवर. तवा शुगर बरी ऱ्हायची."

मित्रांनो, तिथेच घात झाला होता. इन्सुलिन एकदा गोठलं की त्याचा भरवसा राहत नाही. ते पुन्हा पातळ होतं, दिसायला पाण्यासारखं स्वच्छही दिसतं, पण त्यातली ताकद गेलेली असते. ती आई रोज मायेने, न चुकता सुई टोचत होती आणि लेकीच्या अंगात औषध जातच नव्हतं.

उपासना तेजस्वीच्या तोंडाजवळ वाकली. मुलीच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. छाती भात्यासारखी खालीवर होत होती. इन्सुलिन न मिळाल्याने अंगात विष साचतं, त्याची ती लक्षणं होती.

"आप्पा, रिक्षा बोलवा. आत्ता. वैनी, हिला दवाखान्यात न्यायला पायजे. घरी न्हाय जायचं."

"काय झालं वो ताई? माझं काय चुकलं का?" दीपाली रडायला लागली.

"तुमचं काय चुकलं न्हाय. तुमाला कुणी सांगितलंच नव्हतं. चला, मी येते संगं."

प्रेमानंदांनी स्वतः धावत जाऊन रिक्षा आणली. आधी निपाणीतला दवाखाना झाला. तिथे सलाईन लावून डॉक्टरांनी कोल्हापूरला हलवायला सांगितलं. उपासना त्यांच्याबरोबर गेली. दुकानात प्रेमानंद एकटेच उरले. ते फोन हातात घेऊन कधी दारात जात, कधी माझ्यासमोर येऊन उभे राहत. माझ्यातल्या थर्मामीटरकडे बघत, पण त्यांना आकडा दिसत नसावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. प्रेमानंदांनी नुसतं ऐकलं. मग ते बाकड्यावर बसले. "शुद्धीवर हाय. पाणी मागितलं. शुगर उतरतीया," ते तानुबाईंना म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "आई, इतकी वर्षं मी त्या पोरीला इन्सुलिन देतोय. घरी कुठं ठेवता, म्हणून कधी इचारलं न्हाय."

तानुबाई भिंतीवरच्या फोटोकडे बघत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाबासाहेब बी शिकून परत आलंच की रं. तिकडंच ऱ्हायलं असतं, तर तू आज कुठं असतास?"

प्रेमानंदांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं.

दुपारी उपासना आली. अंगावर कालचेच कपडे, डोळे तांबारलेले. "आप्पा, वाचली," एवढंच म्हणाली. प्रेमानंदांनी तिला जवळ घेतलं नाही, तशी त्यांची पद्धतच नव्हती. त्यांनी तिच्यासमोर डबा उघडून ठेवला आणि म्हणाले, "जेव आधी. आणि मी 'परत जा' म्हणालो हुतो, ते इसर." उपासना जेवता जेवता हसली आणि हसता हसता रडली.

तेजस्वी बरी होऊन घरी आली. तिच्या घरात इन्सुलिन आता खालच्या कप्प्यात, दारापासून लांब असतं. यमगर्णीच्या बायका औषधाच्या पिशव्या घेऊन उपासनाच्या बाकड्यावर येऊ लागल्या. गल्लीतली कुजबुज कधी थांबली ते कुणाला कळलंही नाही. पावसाळा सरता सरता मान्यता आली, मग नोंदणीही झाली. पांढरा कोट घालून उपासना पहिल्यांदा काउंटरच्या आत गेली. नियमाप्रमाणे दुकानात तिच्या नावाची पाटी लागली. तानुबाईंना वाचता येत नाही. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यातलं 'उ' कंचं?"

मित्रांनो, माझं वय झालं आहे. माझी घरघर वाढली की मला उघडून दुरुस्त करावं लागतं. तरी माझी एक विनंती ऐका. औषध घरी नेताना विचारायला लाजू नका. कुठे ठेवायचं, कसं घ्यायचं, एक दिवस चुकलं तर काय करायचं, ते विचारून घ्या. फक्त जपून चालत नाही, कसं जपायचं तेही कळावं लागतं. आणि तुमच्या गावातलं कुणी लांब शिकून परत आलं, तर 'तिकडं जमलं नाही वाटतं' असं म्हणू नका. त्याला बसायला जागा द्या. तो काय घेऊन आलाय, ते हळूहळू दिसतं.

दुकान उघडल्यापासून प्रेमानंद दुपारी कधी घरी गेले नव्हते. औषध द्यायचा हक्क त्यांच्या एकट्याचा होता ना! आता ते एक वाजला की सायकल काढतात. घरी जाऊन गरम भाकरी खातात आणि चक्क झोपतात. कधी कधी तर उठायला चार वाजतात.