भिंतीवरून कोसळणारं पाणी

डायव्हिंग गाइडचा धाकटा साडू दाताचा डॉक्टर होता. खोल डायव्हिंगचं सर्टिफिकेट मिळाल्यापासून त्याने एकच धोशा लावला होता, प्रवाळाच्या भिंतीवरचे शार्क बघायचे. पडलेला दात ज्याला आपोआप परत येतो ते गिऱ्हाईक आपल्या काय कामाचं, असं म्हणत बोटीवर तो एकटाच हसत होता. बोट गाइडची बायको चालवत होती. तिने नवऱ्याला बाजूला घेतलं.

"त्यांना हाताला लागतील एवढ्या जवळ ठेवा. हुशार आहेत, पण थांबणं माहीत नाही."

दोघे पाण्यात उतरले. भिंत सरळ खाली काळोखात उतरत होती. शार्क होते, पण एरवीसारखे निवांत फेऱ्या मारत नव्हते. सगळे भिंतीलगत, नाकं वर करून जवळजवळ उभे, जागच्या जागी पोहत होते. बारीक मासेही वर तोंड करून जीव खाऊन शेपट्या मारत होते. गाइडने साडूकडे पाहिलं. साडूचे बुडबुडे वर जायच्याऐवजी खाली निघाले होते.

समुद्राच्या आतच एक प्रवाह भिंतीवरून धबधब्यासारखा खाली कोसळत होता. गाइडने एका हाताने खडक धरला, दुसरा पुढे केला, तोवर साडू निसटला होता. हात पसरून, खोल पाण्यात चढते ती नशा चढल्यासारखा, तो शार्कांच्या मधून मजेत घसरत चालला होता.

गाइडने खडक सोडला. बऱ्याच खाली साडूच्या पाठीचा पट्टा हाती लागला. त्याला ओढत तो भिंतीपासून दूर, उघड्या पाण्यात पोहत सुटला. तिथे ओढ सैलावली. वर येताना अंगात मुरलेला वायू निघून जावा म्हणून वाटेत थांबावं लागतं. पण साडूची टाकी संपली होती आणि गाइडच्या टाकीत दोघांना थांबण्यापुरती हवा नव्हती. दोघे न थांबता थेट वर आले.

बोटीवर साडू खुशीत होता. असं आयुष्यात पाहिलं नव्हतं म्हणाला. मग मांडी चोळू लागला.

"पायाला मुंग्या आल्यात."

गाइडने त्याच्या पोटरीला करकचून चिमटा काढला. साडू बोलतच राहिला. गाइडने ऑक्सिजनचा मास्क त्याच्या तोंडावर लावला, बायकोला इंजिन सुरू करायला सांगितलं.

"काय झालं?" साडूने विचारलं.

"काही नाही. आडवा हो."

किनारा दिसू लागल्यावर बायकोने बहिणीला फोन लावला. बहिणीने एवढंच विचारलं, "ते स्वतः का बोलत नाहीत?"

महिनाभराच्या उपचारांनी डावा पाय परत आला, उजवा नाही. साडू आता बसून दात काढतो. दोघी बहिणी बोलतात, पण कामापुरतंच.